डावीकडची मागची काच

८ जानेवारी

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते. ओरडायचं ते ओरडून घे आणि मग पुढे वाच, कारण मला तुझी गरज पडली आहे.

तुमच्या स्टेशनवरची प्रवाशांची नवी शेड मी आखलेली आहे, हे तू एव्हाना साऱ्या गल्लीला सांगून मोकळी झाली असशील. माझी ही पहिलीच. तिची एक काच पुन्हा गेली. बसणाऱ्याच्या पाठीमागची, अगदी डावीकडची. आधी साधी दुधी काच होती, आरपार न दिसणारी, ती फोडली. मग न फुटणारी म्हणून मिळते ती जाड प्लॅस्टिकची, तशीच दुधी, बसवली, तर तिला कुणीतरी तापल्या सळईने भोक पाडलं. गंमत म्हणजे बाकडं शाबूत, दिवा शाबूत, शेजारच्या काचांवर ओरखडासुद्धा नाही. नासधूस करणारा माणूस इतका चोखंदळ कसा असेल? मला तर जेवताना पण हाच प्रश्न पडतो.

साहेबांना असले प्रश्न पडत नाहीत. पुन्हा मोडतोड झाली तर शेडच उचलायची आणि उघड्यावर नुसतं बाकडं ठेवायचं, असं त्यांनी बजावलं आहे. माझे आत्या-आतोबा दिवसाआड दवाखान्याला त्याच गाडीने जातात, असं मी म्हटलं. मग आत्यालाच पहाऱ्यावर बसव, असं ते म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले, मी मनावर घेतलं. तुझं घर स्टेशनमागच्याच रस्त्यावर, आणि मी चोरून गोळी खाल्ली की तुला नुसत्या माझ्या चालण्यावरून कळायचं.

आतोबांना नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडी हेरगिरी मिसळावी, ही विनंती.

तुझी,
भुंगी

२० जानेवारी

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने जन्माचं सार्थक झालं. ज्या माणसांनी आयुष्यभर मला नको तिथे नाक खुपसू नकोस म्हणून सुनावलं, त्यांच्यातल्याच एकीने अखेर नाक खुपसायची लेखी परवानगी दिली. तेव्हापासून विणकाम घेऊन शेडमध्ये बसते आहे. स्वेटरची एक बाही झाली, चोर मात्र सापडला नाही.

पहिला संशय सायकल दुरुस्तीवाल्यावर घेतला, कारण हत्यारं त्याच्याकडे. पण तो बिचारा बायकोला गाडीत बसवून द्यायला येतो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा असतो. मग चित्रकलेच्या बाईंवर नजर ठेवली. सगळं बाकडं रिकामं असलं तरी त्या डावीकडेच बसतात, भोकाला टेकून. विचारलं, तर म्हणाल्या इथे हवा छान येते. या थंडीत! आणि खरं सांगू, त्या जागेवर सगळ्यांचाच डोळा आहे. एक उठला की दुसरा सरकतो.

भोक मात्र बघण्यासारखं आहे. बसल्यावर मान मागे वळवली की बरोबर डोळ्यांसमोर येतं, आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आहेत. कुणाला लागू नये म्हणून काळजी घेणारा गुंड मी प्रथमच पाहिला.

तुझ्या आतोबांचं ठीक चाललं आहे. रक्त शुद्ध करून आलं की दोन दिवस स्वारी खुशीत असते. रस्त्यात हात धरलेला यांना अजून खपत नाही आणि घाई तर मुळीच नाही, म्हणून मी तिकिटं काढायला पुढे येते आणि हे काठी टेकत मागून. परवा गाडी आली तरी यांचा पत्ता नाही. भोकातून पाहिलं तर हे आत्ता कुठे वळणावर! मी छत्री बाहेर काढली, गार्ड थांबला. इथली ही जुनीच रीत आहे. मागच्या रस्त्यावर कुणी येताना दिसलं की शेडमधून छत्री दाखवायची, म्हणजे गार्ड शिट्टी आवरतो. असो, विषयांतर झालं. चोराचा तपास चालू आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आम्हा दोघांचा लोभ तुला ठाऊक आहे, वेगळा लिहीत नाही.

तुझी,
आत्या

४ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा अहवाल ऑफिसात मोठ्याने वाचला. हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांचा संशय चित्रकलेच्या बाईंवर आहे.

आता पहारा पुरे. मी तो प्रश्नच निकालात काढला. पाठीमागे काचच नको, सलग पोलादी पत्रा लावायचा. साहेबांनी स्वतः त्यावर हातोडा घालून पाहिला, तर हातोड्याचा दांडा मोडला. इतके खूश झाले की हा पत्रा टिकला तर सगळ्या छोट्या स्टेशनांवर माझीच शेड लावू म्हणाले. आत्या, मी घरी येईपर्यंत रस्त्यात एकटीच हसत होते.

त्या घासलेल्या कडांचं कोडं मात्र सुटलं नाही. पत्रा कसा आहे ते कळव. कौतुकाची वाट बघणारी,

तुझी,
भुंगी

२१ फेब्रुवारी

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्रा शाबूत आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला तेवढा तरी आधार.

गेल्या मंगळवारी यांची गाडी चुकली. गाडी आली, हे नव्हते. मी छत्री दाखवली. गार्डने विचारलं, कुठवर आलेत? मला काय दिसणार? समोर पत्रा. शेडला वळसा घालून फाटकाशी पळाले, तर हे अगदी जवळ, काठी वर करून येत होते. तेवढ्यात पाठीमागे गाडी सुटली. गार्डला बोल लावणार नाही. तो दिसलेल्या माणसासाठी थांबतो. येतच असतील, एवढ्यावर थांबायला लागला तर गाडी सुटायचीच नाही.

दवाखान्यात यांची पाळी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाय सुजले, श्वास लागला. उशा रचून यांना बसवून ठेवलं आणि मी यांच्या छातीचा भाता बघत राहिले. फार घाबरले गं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अगं, भोक कुणी पाडलं ते मी त्याच भोकातून बघत शोधत होते! कुणी पाडलं ते आता मी विचारत नाही. गुरुवारी संतापून मीच त्या पत्र्यावर छत्री हाणली. छत्री मोडली. चित्रकलेच्या बाई बघत होत्या. त्यांनी आपली छत्री माझ्यापुढे धरली.

तुझं नाव होत असताना हे लिहावं की नाही, कळत नव्हतं. हे म्हणाले, लिही, अर्धवट राहिलेल्या कोड्याने तिला झोप येत नाही.

रागावू नकोस. लोभात पत्रा येऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू कुणावर? आधी रडले. मग तुझं जानेवारीचं पत्र काढून वाचलं. सगळं त्यात होतं गं, आणि मी ते हसत हसत वाचून दाखवलं होतं. शेड आखताना वारा किती, ऊन कुठून, हातोडा किती जोराचा, सगळं पाहिलं. बसलेल्या माणसाला मागे कुणाची तरी वाट बघायची असते, हे नाही सुचलं.

साहेबांना सांगितलं की पत्रा कापायचा. ते खुर्चीतून उठलेच. इतका टिकाऊ पत्रा आपल्याच हाताने फोडायचा? मी म्हटलं, जिथे काहीच नाही तिथे लोक काय फोडणार? ते पुन्हा खुर्चीत बसले. मग विचारलं, भोक किती उंचीवर? ते मला कुठे ठाऊक! तेव्हा शिवणाची टेप घे आणि बसलेल्या माणसांचे डोळे कुठे येतात ते मापून पाठव. चित्रकलेच्या बाईंकडून आकृती काढून घे.

आतोबांच्या पाया पडायला समक्ष येणार आहे. तोवर लोभ आवळून धरावा.

तुझी,
भुंगी

२९ मार्च

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

खिडकी झाली. वारा येतो, माना आखडतात, आणि तक्रार कुणी करत नाही. सायकलवाल्याने कडांवरून बोट फिरवून पाहिलं आणि काम बरं झालंय म्हणाला. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं, पण विचारलं नाही.

आता खरी बातमी. आज लग्नानंतर पहिल्यांदा हे माझ्याआधी घराबाहेर पडले. भाचीची खिडकी आतून कशी दिसते ते यांना बघायचं होतं. जाऊन डावीकडची जागा अडवून बसले. मी कुलूप लावून निघाले, अर्ध्या वाटेवर आठवलं की दवाखान्याची फाईल घरीच राहिली. परत गेले. येताना चप्पल तुटली आणि गाडी आल्याचा आवाज झाला. आज आपल्यापायी यांची पाळी जाणार, या धास्तीने एक चप्पल हातात घेऊन धावत सुटले.

तर शेडच्या कोपऱ्यातून एक काठी बाहेर आलेली. गार्डने यांना विचारलं म्हणे, कुठवर आल्यात? हे खिडकीतून बघत म्हणाले, वळणावर आहे, निळी शाल, एक चप्पल हातात. गाडी थांबली.

डब्यात बसल्यावर मला धाप लागलेली, आणि हे समोरच्यांना सांगत होते की काय करणार, हिला नेहमीच उशीर होतो, आपल्यालाच थांबावं लागतं. मी तुटकी चप्पल बाकाखाली सरकवली आणि मान डोलावली.

लवकर ये. उशीर झाला तरी हरकत नाही, आम्ही बघत असू.

तुझी,
आत्या