आत्याचं शेवटचं निवेदन

४ मार्च
शनिवारी रेडिओ केंद्र बंद! संध्याकाळी पाचला, कायमचं. पत्र आलंय. आत्याला सांगायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं — मी चार वर्षं गावोगाव भटकून परवाच टपकलेली!  ती वाकड्या ओठांनी म्हणाली, "मी उघडलं, मीच बंद करणार." पक्षाघातानंतर निम्मंच बोलणं परत आलंय. तेवढ्यावर भागवीन म्हणते.

५ मार्च
केंद्र म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. आधी तिथं आजोबांचं चार पानी साप्ताहिक निघायचं. फरशीवर शाईचे डाग अजून आहेत. ते बुडालं, मग आत्यानं तिथंच माइक लावला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले. एकतीस वर्षं — बाजारभाव, हरवलं-सापडलं, कोण वारलं. एकदा म्हणे हरवलेली बकरी निवेदन संपायच्या आत जिन्यावर हजर! यंत्रं सांभाळणारे काका सांगतात. त्यांचं अर्धंच खरं धरायचं.

७ मार्च
आत्याची तालीम. "श्रोतेहो" काही केल्या फुटेना. मी तीनदा उठून बाहेर जाऊन आले. आत्या वैतागली, "बस की गं, भिंगरे!"

८ मार्च
काय केलं मी हे!
दोनला आत्याला केंद्रावर न्यायला गाडी ठरवायला निघाले. पुलाजवळ एक जण बाजाची पेटी उघडून बसलेला, एकेक पट्टी सुटी करून फडक्यावर मांडलेली. म्हटलं दोन मिनिटं बघू. परत आले तेव्हा पाच वाजून वीस. वाट बघून काकांनी एक गाणं लावलं आणि केंद्र बंद केलं.
आत्या केस विंचरून, चपला घालून खुर्चीतच झोपलेली. औषधाची गुंगी. जागी झाली तशी माझ्या तोंडून निघालं, "एक दिवस पुढे ढकललंय. उद्या आहे." घरातल्या रेडिओचे सेल काढून खिशात टाकले. मग काकांपुढे हात जोडले. "पाप आहे हे, पोरी," म्हणाले. आणि कबूल झाले.

९ मार्च
दोघांनी तिला खुर्चीसकट जिना चढवली. काकांनी लाल दिवा लावला. माइकची तार नुसती तिच्या हेडफोनपर्यंत — बाकी सगळं थंड.
"श्रोतेहो" पहिल्याच फटक्यात निघालं! मग आजोबांचं साप्ताहिक, पुराच्या दिवसांत तिनं वाचून दाखवलेली नावं, सगळं अडखळत, अकरा मिनिटं. शेवटी म्हणाली, "कुणाच्या मरणाच्या बातमीत माझ्याकडून नाव चुकलं असेल, तर घरच्यांनी मला माफ करावं."
एकाही घरात हे पोचत नव्हतं. काका भिंतीकडे तोंड करून उभे.

१० मार्च
सकाळी चहा दिला. आत्या म्हणाली, "प्रसारण चालू असलं की आपला आवाज हवेतून फिरून कानात येतो, जरा खरखरत. काल फार स्वच्छ आला गं."
मी विचारलं, "कळलं तरी बोलत राहिलीस?"
"अकरा मिनिटं तू जागची हलली नाहीस. मग मी कशी थांबणार?"