बारा जागांचा वर्ग

११ मे, रविवार

शिवानीची यादी आली! ग्रानादाच्या विद्यापीठानं, बाहेरून येणाऱ्या मुलांना जे जे कोर्स घेता येतात त्यांची यादी पाठवलीय – एकशे चाळीस पानं, सगळी स्पॅनिशमधे. मला ओ की ठो कळत नाही. तरी तासभर चाळत बसलो. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, तेवढं वाचता आलं.

सप्टेंबरपासून वर्षभर स्पेन. इथं जपानात, सेंदाईच्या तिच्या अख्ख्या आर्किटेक्चर डिपार्टमेंटमधून दोघांचीच निवड झाली. एक कुणी ओगावा नावाचा मुलगा आणि दुसरी आमची लेक. नीलिमा म्हणाली, "आता ऑफिसभर सांगत सुटू नकोस म्हणजे मिळवली." शुक्रवारीच सांगून झालं होतं. सुझुकी-सान तर "सुगोइ, सुगोइ" – भारीच, भारीच – करत दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेले.

१३ मे, मंगळवार

व्हिडिओ कॉलवर शिवानीनं यादी समजावली. कोर्स दोन प्रकारचे. एक खास परदेशी मुलांसाठी – स्पेनचा इतिहास, स्पेनचं खाणंपिणं, स्पॅनिश नाच; इंग्लिशमधून, आणि म्हणे सगळे पास. दुसरे तिथल्या मुलांबरोबर, तिथल्या भाषेत, तिथल्याच परीक्षेला बसून. मी म्हटलं, "पहिले घे. मार्क मिळव, देश बघ, मजा कर."

त्यावर तिनं जपानीत झापलं. चिडली की ती मराठी सोडते. "तसं असेल तर मी टूरवरच जाते ना, बाबा" – असं काहीसं. नीलिमा हसत होती. मला झापलं त्याचं काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

१७ मे, शनिवार

एक्सेल शीट केली. कोर्स, वार, वेळ, क्रेडिट, एकमेकांवर येणारे तास लाल रंगात. पाचपैकी चार ठरले. पाचवा खरा – 'माती, चुना, वीट: जुन्या घरांची दुरुस्ती'. वर्गात फळा नाही म्हणे, थेट पडक्या घरात नेतात आणि हातात थापी देतात. याच्यासाठीच तर ती दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय.

गोम अशी, की जागा बारा आणि बाराही भरलेल्या. शिवानी वेटिंगवर पहिली. आणि तिचे प्रोफेसर, इशिदा सेन्सेई म्हणालेत, हा एक कोर्स झाला तरच स्पेनचं वर्ष डिग्रीत धरू. नाही तर ते वर्ष इथं परत करायचं. म्हणजे वर्ष गेलं!

कुणीतरी एकानं नाव काढावं. देवाला नमस्कार करताना तेवढंच मागितलं. ज्याचं नाव निघेल त्याचंही भलं होवो.

२२ मे, गुरुवार

जागा झाली! आणि फोन मीच घेतला!

शिवानी लॅबच्या मुलांबरोबर तीन दिवस डोंगरात गेलीय, तिथं फोनला रेंज नाही. सेंदाईच्या विद्यापीठाच्या ऑफिसनं तिला मेल केली, उत्तर नाही, म्हणून फॉर्मवरच्या घरच्या नंबरावर फोन आला. पाचच्या आत सांगायचं होतं. मी आज घरूनच काम करत होतो हे नशीब. एन्दो-सान नावाची मुलगी, आवाज अगदी कोवळा. म्हणाली, एक जागा रिकामी झालीय, शिवानी-सानचं नाव घालू का? मी फटकन म्हटलं, "हाय, दाइजोबु देस." ती म्हणाली, "आ, सोऽ देस का," म्हणजे असं होय, आणि दोनदा आभार मानून फोन ठेवला.

एकवीस वर्षं कावासाकीत काढली ती काही उगाच नाही. कस्टमरसमोर मला दुभाषी लागत नाही, मग हे तर एक वाक्य. नीलिमा कामावरून आली तेव्हा दारातच सांगितलं. तिनं शिरा केला.

२६ मे, सोमवार

जागा ओगावाला गेली.

शिवानीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. आवाज इतका शांत की मीच घाबरलो. "बाबा, तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात?" सांगितलं. मग मराठीत – "बाबा, कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, काउंटरवर पिशवी देऊ का विचारतात तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

दाइजोबु देस. म्हणजे पिशवी नको. रोज म्हणतो, दिवसातून दोनदा!

माझ्या डोक्यात होतं आपलं 'चालेल'. नाव घालू? चालेल. एकवीस वर्षं मी 'चालेल'चंच जपानी करून बोलत आलोय आणि मीटिंगमधे कुणी ना कुणी सावरून घेत आलंय. त्या एन्दोला वाटलं, वडील म्हणतायत गरज नाही. तिनं यादीतल्या पुढच्याला फोन केला.

नीलिमा म्हणाली, "अति शहाणा..." आणि पुढचं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ मे, मंगळवार

पुण्याहून विश्वनाथदादाचा फोन. कोर्सचं काय झालं विचारत होता. म्हटलं, विद्यापीठानं गोंधळ घातला. ऑफिसातही हेच सांगितलं. सुझुकी-साननी त्या ऑफिसला माझ्यासमोर चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले.

३० मे, शुक्रवार

सुट्टी टाकून सेंदाईला जाऊन आलो. मिठाईचा खोका घेऊन एन्दो-सानसमोर उभा राहिलो आणि कमरेत वाकलो. तीही वाकली – "मी पुन्हा विचारून खात्री करायला हवी होती." मी आणखी वाकलो. ती आणखी. जेमतेम तेवीस-चोवीसची पोर, डोळ्यांत पाणी. वर तिनं वहीत स्वतःची चूक म्हणून लिहूनही ठेवलेलं. मला भयंकर लाज वाटली. ते खोडा म्हणून सांगितलं. तिनं खोडलं नाही.

जागा काही परत देता येत नाही.

मग शिवानीबरोबर जेवलो. ओगावा स्वतःहून तिच्याकडे आला होता म्हणे – मी नाव काढतो, वेटिंगवर तू आधी होतीस. आणि या बाईनं नाही म्हटलं! मी घास खाली ठेवला. "का?"

"त्यालाही तो कोर्स तितकाच हवाय, बाबा. त्याची काय चूक?"

चूक माझी, हे तिनं म्हटलं नाही. जेवणभर एकदाही म्हटलं नाही. परतीच्या शिन्कानसेन गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. आपल्याला हे जमलं नसतं. नीलिमाचं वळण आहे, माझं नव्हे.

१ जून, रविवार

नीलिमानं शिवानीला फोन करून सांगितलं, "फॉर्मवर आता माझा नंबर घाल." मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

९ जून, सोमवार

शिवानीनं ग्रानादाला, तो कोर्स शिकवणाऱ्या मास्तरांना थेट पत्र लिहिलं होतं. आम्हाला न सांगता, तीन पानं, स्पॅनिशमधे. आज उत्तर आलं. तेरावं नाव यादीत बसत नाही. परीक्षा नाही, क्रेडिट नाही. पण मागं उभं राहून ऐकायचं असेल आणि चुना कालवायची तयारी असेल तर या.

ती जाणार आहे. चार कोर्स आणि हा पाचवा, बिनहिशेबी. मी म्हटलं, "शिवा, वर्ष जाईल. मुलं पुढं निघून जातील."

"माहीत आहे. मी विचारत नाहीये बाबा, सांगतेय." मराठीत म्हणाली. म्हणजे चिडली नव्हती.

१२ जून, गुरुवार

दादाला फोन केला. म्हटलं, शिवानीचं एक वर्ष जाणार.

आमच्या घरात आजवर कुणाचं वर्ष गेलेलं नाही. दादानं आवाज खाली आणून विचारलं, "नापास झाली का रे?"

"नाही. पहिली आपल्या घरात, जिनं स्वतःहून वर्ष दिलं," म्हटलं. मग एन्दो-सानच्या त्या फोनवर मी काय बोललो होतो तेही त्याला सांगितलं. उद्या सुझुकी-सानना सांगायचं आहे.