बिल्ला नंबर ११८

८ मार्च १९९९, सोमवार

सकाळी भोंगा लावलेला ऑटो गल्लीतून तीनदा गेला. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ३१ तारखेच्या आत लायसन नवं करून घ्यावं. एक एप्रिलपासून गळ्यात यंदाचा बिल्ला नसेल तर म्युनिसिपालटीची गाडी कुत्रा उचलून नेईल. बंड्या फाटकातून त्या ऑटोवर भुंकत होता. मूर्खा, तुझंच चाललंय ते!

त्या गाडीत गेलेला कुत्रा परत येत नाही, हे बरकतपुऱ्यात शेंबडं पोरही सांगेल.

९ मार्च

संध्याकाळी सहा. बंड्या उठला, फाटकाशी गेला, रिकाम्या गल्लीकडं बघून शेपूट हलवत राहिला. मग फाटकाखालून निघून गेला. सातला परत. भाकरीला तोंड लावलं नाही. सात वर्षं हेच चाललंय. सहाला ह्यांची कारखान्याची बस यायची.

रोशनी म्हणते, कुठल्यातरी इराणी हॉटेलात बिस्किटं मिळत असतील. एकदा ती त्याच्यामागं गेली होती, पण काचीगुड्याच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. मी कधीच गेले नाही. तो कुणाच्या पायाशी जाऊन बसतो ते मला बघायचं नाही. भीती वाटते. पोरीला सांगता येत नाही, इथं तरी लिहावं.

११ मार्च

लायसनच्या ऑफिसात गेले. आजवर फॉर्मवर ह्यांची सही मीच ठोकत होते, फॉर्म शिपायाच्या हातात द्यायचा, तोच बिल्ला आणून देई. कधी कुणी विचारलं नाही. यंदा कंप्यूटर आलाय! शिपायाचं काही चालत नाही आता.

खिडकीतला बाबू म्हातारा, माणूस वाईट नाही. म्हणाला, "ऐसा नक्को अम्मा. लायसन जिसके नाम पे है, वो खुद आना, मेरे सामने दस्तखत करना. तबीच बिल्ला मिलता." कुत्रा आणायची गरज नाही, जुन्या बिल्ल्यावरचा नंबर सांगितला तरी पुरे. पण मालक पाहिजे.

आणि मालक येण्यासारखा नसेल तर? वारला असेल तर तसा शपथेवरचा हलफनामा आणा, तुमच्या नावावर करून देतो, म्हणाला.

मग नाव विचारलं. लग्नाला वीस वर्षं झाली, उखाणा सोडला तर ह्यांचं नाव तोंडानं घेतलेलं नाही. आज खिडकीशी घ्यावं लागलं. देवराव. मागं दोन माणसं उभी होती. कुणीतरी "ओ" देईल असं उगाच वाटलं.

१४ मार्च, रविवार

एकनाथ भावजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, कोठीच्या बाजारात वह्यांचं दुकान आहे. म्हणाले, सात वर्षं भरली, कायदाही आता माणूस गेला असंच धरतो. आबिड्सला ओळखीचा वकील आहे, हलफनामा एका दिवसात करून देईल. पाडवा झाला की दर्भाचा पुतळा करून अग्नीही देऊन टाकू — "म्हणजे दादाही सुटेल, वहिनी, आणि तुम्हीही." हे सगळं चहात बिस्कीट बुडवत!

कुत्र्यापायी नवरा मारायचा. आणि नाही मारला तर कुत्रा मरतो.

१५ मार्च

लिहूनच टाकते. कुठंच लिहिलेलं नाही.

डिसेंबर ९१ मध्ये कारखान्यानं शंभर माणसं काढली. नवं धोरण आलं म्हणे. त्या शंभरांत हे होते. मला सांगितलं नाही. दोन महिने रोज डबा घेऊन निघत होते, सहाला परतत होते. दिवसभर कुठं बसत होते, देव जाणे. ९ फेब्रुवारीला शेजारच्या मालनबाईंकडून मला कळलं. हे आले तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "काम नाही तर घरी तरी कशाला येता?"

ह्यांनी डबा ठेवला. बंड्याची साखळी घेतली, फिरवून आणतो म्हणाले. सातला बंड्या एकटाच आला, साखळी फरफटत.

पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला. डबा मी त्या रात्री घासला. भात तसाच होता.

मीच घालवलं त्यांना. दुसरं काय म्हणायचं?

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं. रोशनी म्हणाली, "आई, सिंपल है ना, साइन कर. बंड्याको ले गए तो क्या करती?" एरवी माझ्याशी मराठी बोलते. बापाचा विषय निघाला की तिची मराठी पळून जाते.

ती दहा वर्षांची होती तेव्हा.

२२ मार्च

सहाला बंड्याला बांधून ठेवलं. असा रडला की मालनबाई विचारायला आल्या. सोडला.

२४ मार्च

गाडी काचीगुड्याकडं जाताना दिसली. जाळीमागं चार होते. एकही भुंकत नव्हता.

भावजींना शनिवारी येते म्हणून कळवलं. जो आहे त्याला तरी वाचवावं.

२७ मार्च, शनिवार

झालं. आबिड्सला वकिलाच्या टेबलावर. "माझे पती देवराव हे मयत असून." वकील तेलुगू, पण भावजींनी मला मराठीत वाचून दाखवलं. "मयत"पाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटत होतं हा माणूस कोरडा आहे. नाही.

सही केली. ह्यांच्या सहीखाली एक रेघ असायची. इतकी वर्षं त्यांची सही गिरवून सवय झाली — माझ्या नावाखालीही ओढली गेली. वकील हसला. मला रडू आलं.

सोमवारी ईदची सुट्टी. बुधवारी, शेवटच्या दिवशी, कागद नेऊन देईन. पुतळ्याचं भावजींनी पुढच्या रविवारी ठरवलंय.

२८ मार्च

सहाला बंड्यानं गल्लीकडं बघून शेपूट हलवलं. मी खिडकी लावून घेतली. माफी कुठल्या तोंडानं मागू? मागायला समोर कुणी तरी हवं.

३० मार्च, मंगळवार

बंड्या सातला परतला. गळ्यातला जुना बिल्ला नाही. नवा आहे. दिव्याखाली धरून दोनदा वाचला. साल यंदाचं, नंबर तोच, ११८.

मालिक खुद आना. तबीच मिलता.

रोशनीला अजून सांगितलेलं नाही. उद्या सहाला साखळी मी धरणार.