मिश्रीचं बोट

गोरेगावचा तांडा,
२० जानेवारी २००४

प्रिय शिला,

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. शेवया सव्वा किलो, देवाच्या आसनाला लाल कापड अर्धा मीटर, आणि तू घरी भाजून कुटलेली मिश्री, एक डबी. वर बावीस रुपयांची तिकिटं. शेवया छान बारीक झाल्यात. कापड सेवालाल महाराजांच्या फोटोखाली घातलं. डबीचं मागून लिहिते.

गेल्या महिन्यात इथल्या शाळेत कॅन्सरचं शिबिर झालं. सरिता नर्सबाई प्रत्येकाचं कार्ड भरून राहिली होती. तंबाखू किती, किती वर्षं, दारू, वय, घरात कुणाला झाला होता का. प्रत्येकाला गुण, आणि गुण जास्त तितका धोका जास्त. दहाच्या वर गेलं की लाल शिक्का. तुझ्या बापूंनी तोंडातला गुटखा शाळेच्या नळापाशी थुंकला, मिशी पुसली आणि सांगितलं, "कधीमधी एखादी पुडी, बाई." मला किळस आली. थुंकीची आलीच, पण खोट्याची जास्त. तशीच घरी गेले आणि हिशेबाची वही घेऊन आले. रोजच्या सहा पुड्या, अकरा वर्षं. बेरीज चौदा. नर्सबाई हसू दाबत होती. बापू म्हणाले, "बायको केली का फौजदार केला, हेच कळंना."

माझी बेरीज तीन, तीही वयाची. तंबाखू? न्हाई. दारू? न्हाई. हिरवा शिक्का बसला. ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं बघ. मग पुढं बापूंची खैर नव्हती. उशीवरचे लाल डाग, पिचकाऱ्यांनी रंगलेला भिंतीचा कोपरा, मोरीतला वास, एकेक त्यांना नेऊन दाखवलं. चूळ भरल्याशिवाय ताटावर बसू दिलं नाही. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मला घेववेना.

संक्रांतीच्या सामानाची यादी करायला वही मागं चाळली, तर दर महिन्याला माझ्याच अक्षरात एक ओळ: 'तंबाखू अर्धा पाव, भाजायला.' दंतमंजनाच्या खात्यात. बापूंच्या पुड्या मोजताना हीच ओळ मी ओलांडून गेले होते. लग्नापासून तो शब्द लिहीत आले आणि एकदाही वाचला नाही.

नर्सबाई लेकरांना डोस पाजायला आली तेव्हा विचारलं, "मिश्री धरायची का हो त्यात?" ती म्हणाली, "मावशी, ती करता तरी कशाची तुमी?" कार्ड पुन्हा भरलं. दिवसातून चार वेळा, एकतीस वर्षं. बापूंच्याही पुढं गेले मी.  बापू हसले असते तर बरं वाटलं असतं. ज्या बोटानं हिरड्या घासायच्या, त्याच बोटानं महाराजांना गंध लावत होते. आता गंधाला काडी घेते. बोट कितीदा धुतलं तरी वास जात नाही.

आता डबीचं. तू चिठ्ठीत लिहिलंस, 'याडी, दिवस गेल्यापासून मळमळतं, मिश्री लावली की बरं वाटतं, माझ्यापुरती वेगळी ठेवलीय.' वाचून मला आई म्हणून माझीच शिसारी आली. तू नऊ वर्षांची होतीस. दाढ दुखते म्हणून रडत होतीस. तोंड फिरवत होतीस, तर मी तुझं डोकं मांडीत दाबून याच बोटानं लावली. तू ओकलीस, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. हे कुठल्याच वहीत नाही. तू पाठवलेली डबी मी उकिरड्यात पुरली, तुझ्याकडची तूही पूर. मग सकाळच्या उजेडात आरसा धर, गाल ओढून आतून बघ, खालचा ओठ उलटून बघ. पांढरा चट्टा आहे का, जेवताना झोंबतं का. माझ्या ओठात आहे एक, नखाएवढा. पुढच्या मंगळवारी बापू मला हिंगोलीला डॉक्टरला दाखवायला नेणार आहेत, त्याचा तू घोर करू नको. आधी तुझं बघ. आहे की नाही, जे असेल ते खरं लिही. पत्ता घातलेलं पोस्टकार्ड आत ठेवलंय, त्याच्यावर दोन ओळी लिहून उलट टपाली टाक.

तुझीच,
याडी