फुफ्फुस, असं मी म्हटलं

१६ ऑगस्ट, शनि.
सकाळी क्लबच्या रानात. मिजेसनी, त्या बारीक चावऱ्या माश्यांनी, मान फोडून काढली. वीस मीटरवरचं रबरी डुक्कर, दोन वर्षं सहज मारत होते, त्याला आज बारापैकी पाच. बाकीचे झाडीत. एक बाण मोडला.

दोष हाताचा नाही. दोरी गालापर्यंत ओढली, नेम जनावरावर आला, की बोट आपोआप सुटतं. मी ठरवायच्या आत बाण गेलेला असतो.

अ‍ॅलन मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "तू अजून गाडीतून उतरलेलीच नाहीस."

अडुसष्ट वर्षांचा आहे, शाळेत जॅनिटर होता. पाच वर्षांपूर्वी त्यानेच माझ्या हातात धनुष्य दिलं. या देशात धनुष्याने शिकार बंद, म्हणून वर्षभर रबरी जनावरं आणि सप्टेंबरात आठवडाभर हंगेरी. यंदा माझी तिसरी खेप. पहिल्या वर्षी नुसतीच बसले, गेल्या वर्षी एक डुक्कर, जागच्या जागी. यंदा असं बोट घेऊन जायचं? पाच आठवडे आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळ.
दिवसभर स्कॅन. डोळे चुरचुरतायत. दुपारी फियोनाने बोलावलं. (आमच्या विभागाची हेड झाल्यापासून दार लावून बोलते.) बाहेरच्या दोन रेडिऑलॉजिस्टनी तो जुना स्कॅन पाहिला. एक म्हणतो, दिसायला हवं होतं. दुसरी म्हणते, कोणाच्याही नजरेतून सुटलं असतं.

"एकास एक," फियोना म्हणाली. "वाईट नाही."

मॅचचा स्कोअर असल्यासारखं.

बाई त्रेचाळीसच्या. मुतखड्यासाठी आल्या होत्या. खडा मी बरोबर सांगितला. पॅनक्रियाजवरचा डाग माझ्या रिपोर्टमध्ये नाही. चौदा महिन्यांनी दुसऱ्या कोणी पाहिला, तोवर सगळीकडे पसरलेला. चौकशीसाठी माझं स्टेटमेंट जूनमध्येच गेलंय: त्या वेळी माझ्या नजरेस आलं नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
अ‍ॅलनने होमवर्क दिलंय. रोज तासभर झाडाखाली बसायचं. धनुष्य नाही, फोन नाही. "काही करायचं नाही. पानं हलतात ती बघ."

घरामागच्या ब्लॅकफर्ड हिलवर बसले. सात मिनिटांत मनातल्या मनात स्टेटमेंटचा दुसरा पॅरा नीट करायला लागले. एक कुत्रा येऊन वास घेऊन गेला. चाळीस मिनिटांत उठले.

घरी नितीन, नवऱ्याच्या हक्काने, म्हणाला, "हंगेरी कॅन्सल कर ना. डिपॉझिट जाऊ दे. या अवस्थेत जाऊन काय करणार आहेस?"

"अवस्था सुधारावी म्हणूनच जातेय."

"मागच्या वर्षी तिथून आल्यावर महिनाभर छान होतीस, कबूल. पण तेव्हा हे नव्हतं." मग भांडी पुसत, पाठमोराच: "आणि तू हल्ली झोपेत बोलतेस."

काय बोलते, विचारलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरु.
लिहून टाकते. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

मला दिसलं होतं. दिसलं म्हणजे, कर्सर तिथे थांबला होता. मी स्कॅनचे दोन स्लाइस मागे गेले, दोन पुढे. आतड्याची घडी असेल, म्हटलं. त्याच क्षणी फोन वाजला, अ‍ॅक्सिडेंटवाल्यांना आत्ताच्या आत्ता रिपोर्ट हवा होता. फोन ठेवला आणि पुढचा पेशंट उघडला. परत गेले नाही.

"नजरेस आलं नाही" आणि "आलं, पण सोडून दिलं" यांत काय फरक पडतो? त्या बाईंना काहीच नाही. मला...

६ सप्टें., शनि.
अ‍ॅलनने नेम धरायलाच बंदी केली. दोन आठवडे तीन पावलांवर गवताच्या पेंढीसमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, दोरी ओढायची, श्वास मोजायचे, मग सोडायची. आज साठ बाण. बोट ऐकतं, कारण समोर काहीच नसतं. डोळे उघडून मारून बघितला एक. पुन्हा तेच.

"घाई कसली आहे तुला?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

खरं तर सांगता आलं असतं. स्क्रीनवर जे आलं त्याचा निकाल लावायचा आणि पुढचं उघडायचं, वीस वर्षं हेच केलंय. तो म्हणाला असता, मग उघडू नकोस. सोपं वाटतं त्याला.

१३ सप्टें., शनि.
आईचा फोन, नागपूरहून. तिला सांगितलंय हंगेरीत कॉन्फरन्स आहे. "थंडी असेल, स्वेटर ने. आणि पेपर वाचणार आहेस का गं तू?" हो म्हटलं. विषय विचारला. पोटाचे स्कॅन, म्हटलं. तिने शेजारच्या काकूंना तिथल्या तिथे सांगितलं, मला ऐकू आलं.

मला खोटं बोलायला हल्ली वेळच लागत नाही.

१९ सप्टें., शुक्र.
सुट्टीआधीचा शेवटचा दिवस स्कॅनच्या लिस्टवर. संध्याकाळी सहाला काम संपवायचं ठरवलेलं, रात्री आठला निघाले. मेल आलीय: त्या बाईंना मला भेटायचंय. हॉस्पिटलने ३० तारीख दिलीय. फियोनाचं पत्र सोबत, काय बोलावं आणि काय बोलू नये.

बॅग भरताना बाण मोजले, तीनदा वेगवेगळे आले.

२२ सप्टें., सोम. हंगेरी.
पोचलो. तेच घर, तेच मक्याचं शेत, पलीकडे ओक. हरणांचे नर ओरडतायत. पहिल्या वर्षी तो आवाज ऐकून मला रडू आलं होतं. आज नुसता ऐकला.

गाइड लासलो, तोडकं इंग्लिश, मिठी मारून म्हणाला, "डॉक्टर! थिन!" फोन अ‍ॅलनने मागून घेतला आणि स्वतःच्या बॅगेत टाकला. दिवसभर खिसा चाचपत होते.

२३ सप्टें., मंगळ.
पहाटे मचाणावर. चार तास. ओकची फळं टपटप पडत होती, प्रत्येक वेळी दचकले. माद्या दोन आल्या, गेल्या. धनुष्य उचललं नाही. तीस तारखेला काय बोलायचं ते तीन प्रकारे बोलून झालं. ओठ हलत होते माझे, मचाणावर.

२४ सप्टें., बुध.
सकाळचं सगळं क्रमाने लिहिते.

सातच्या सुमाराला तो आला. तरुण नर, शिंगं साधी, लासलोने चालेल म्हणून सांगितलेला तोच. बावीस मीटर. आडवा उभा राहिला. मी दोरी ओढली आणि सगळं बंद झालं. हॉस्पिटल, पत्र, काही नाही. त्याच्या कानामागची एक माशी दिसत होती. बोट थांबलं. श्वास मोजला, एक, दोन, तीन. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी शांत मी नव्हते. मग सोडला.

बाण सुटता सुटता नर एक पाऊल पुढे गेला.

बाणाच्या शेपटीला हिरवा दिवा असतो. तो मला लख्ख दिसला. खांद्यामागे हवा होता, त्याच्या वीतभर मागे. नर वाकला आणि झाडीत गेला.

लासलो आणि अ‍ॅलन आले. लासलोने विचारलं, "कुठे?" स्वतःच्या बरगड्यांवर हात ठेवून दाखवला. फुफ्फुसात लागला तर अर्ध्या तासाने मागावर जायचं. मागे, पोटात लागला तर सहा तास हलायचंसुद्धा नाही, जनावर जवळच बसतं आणि तिथेच शांतपणे मरतं. उठवलं तर संपलं.

"फुफ्फुस," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने गेलो. रक्त काळपट, फुफ्फुसाचं असतं तसं लाल फेसाळ नाही. लासलोने बोटावर घेतलं, माझ्याकडे बघितलं. शंभर पावलांवर, फर्नमध्ये, तो बसलेला होता. आम्हाला बघून उठला. धडपडत उठला. मग गेला.

दुपारी कुत्रा आणला. कालव्यापर्यंत माग, पुढे पाणी आणि बोरू. संध्याकाळी बंद केलं.

२५ सप्टें., गुरु.
पुन्हा शोधलं. सहा तास. काही नाही. लासलोने नियमाप्रमाणे वहीत लिहिलं: जखमी, सापडला नाही. सही मी केली.

अ‍ॅलन जेवताना: "तुला खरंच तिथे लागलेला दिसला?"

"हो."

उद्या शेवटचा दिवस. मचाणावर जाणार नाही.

२७ सप्टें., शनि.
परतीच्या विमानात अ‍ॅलनला सांगितलं. दिवा मागे दिसला होता, म्हटलं. वीतभर.

त्याने समोरचा ट्रे बंद केला. मग म्हणाला, "बाण चुकतो गं. माझे चुकलेत. पण तेव्हाच सांगायचंस ना. सहा तास बसलो असतो, बस. थर्मासमध्ये चहा होता."

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. एअरपोर्टवर माझी जड बॅग त्यानेच उचलली. पुढच्या वर्षाबद्दल दर वेळी बसमध्ये बोलतो, या वेळी बोलला नाही.

३० सप्टें., मंगळ.
मीटिंग. बाई आल्या नाहीत, त्या आता वॉर्डात, अंथरुणाला. नवरा आला. कोट, टाय, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्याने फाइल उघडलीच नाही.

"तिने एकच विचारायला सांगितलंय," म्हणाला. "डॉक्टरांना ते दिसलं होतं का? दिसलं नसेल तर ठीक, म्हणते. माणूस आहे. तिला फक्त माहीत हवंय."

फियोना माझ्याआधी बोलली. रिव्ह्यू, दोन मतं, खेद. छान बोलली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी फियोनाचं पत्र जवळजवळ शब्दशः म्हटलं.

त्याने थँक यू म्हटलं. मला.

१ ऑक्टो., बुध.
सिक लीव्ह. दिवसभर पलंगावर. नितीनने वरण-भात केला. त्याला सगळं सांगितलं. कर्सर, फोन, हरीण, त्या बाईंचा नवरा. तो फक्त म्हणाला, "रजिस्ट्रेशन जाईल का?" मग लगेच, "सॉरी, ते नाही विचारायला हवं होतं." पण विचारायला हवंच होतं. घराचे हप्ते, त्याच्या बँकेत माणसं कमी करतायत. माहीत नाही, म्हटलं. जाईल बहुतेक.

३ ऑक्टो., शुक्र.
काल रात्री नाही, आज सकाळी लिहिलं, नीट जागी असताना. नवं स्टेटमेंट, आठ ओळी. दिसलं होतं. दोन स्लाइस मागे, दोन पुढे. फोन आला, परत गेले नाही. जूनचं स्टेटमेंट चुकीचं आहे आणि ते मला देतानाच माहीत होतं.

प्रिंट घेऊन चारला फियोनाकडे. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. "तू आजारी आहेस. हा कागद मी बघितलाच नाही असं धरते. सोमवारी ये, झोप काढून. मग तुला वाटलं तर दे."

"ते गृहस्थ..."

"त्यांना यातून काय मिळणार आहे? नीट विचार कर. त्यांच्या बाजूने विचार कर."

तिने हात उचलला, म्हणजे मी कागद परत घ्यावा. मी घेतला नाही. तिनेही पुढे सरकवला नाही. फोन वाजला, तिने उचलला, मी निघाले.

गाडीत बसून बाईंच्या वॉर्डाला फोन लावला. कशा आहेत, विचारलं. सिस्टरने विचारलं, आपण कोण?