गाणं नसलेला शॉर्टस्टॉप

१४ जून २०१५, रविवार

हरलो. ११–२.

बेसबॉलच्या नऊ इनिंग; सहाव्यानंतर स्कोअरबोर्डकडे बघणंच बंद केलं. समोरचे मारतायत, मारतायत, आणि आपला पिचर टोपी काढून घाम पुसतोय. बदला ना त्याला! पण बदलून आणणार कोणाला? जो चांगला होता तो जीएमनं, म्हणजे टीमच्या जनरल मॅनेजरनं, एप्रिलमध्ये दुसऱ्या टीमला देऊन टाकला. बदल्यात काय आलं? एक कॅचर. आता आपल्याकडे चार कॅचर आहेत. चार! बॉल टाकणार कोण?

घरी आले तर बाबा — "किती?" मी सांगितलं. "अकरा? अगं, क्रिकेटची टीमच आली की अख्खी!" स्वतःच हसले.

आई — "रोज हरतात तर जातेस कशाला उन्हात?"

सांगायला फार लांबण लागेल.

१५ जून

सकाळी सहा ते अकरा बेन्तोच्या, म्हणजे जपानी जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात. भात, अंडं, मासा, झाकण. भात, अंडं, मासा, झाकण. कोणी बोलत नाही. बरं वाटतं.

आईला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. मी ओएन्दानमध्ये आहे. म्हणजे आउटफिल्डच्या मागे बसून ड्रम-ट्रम्पेट वाजवत ओरडणारी मंडळी. एकेचाळीस जण. आमची लीग लहान, टीम त्याहून लहान, टीव्हीवर कधी दिसत नाही. तरी प्रत्येक खेळाडूला स्वतःचं गाणं असतं, ते आम्हीच रचतो. तो बॅट घेऊन आला की त्याचं गाणं, मग तीनदा नाव. आता कोणाचं गाणं ते सगळ्यांना कळावं म्हणून पुढे एक जण नावाचा बोर्ड उंच धरतो.

बोर्ड मी धरते. बोलावं लागत नाही. वर केला की मागची दोन-तीनशे माणसं एकदम ओरडतात, आणि त्या आवाजात मीही ओरडते. माझा आवाज एवढा मोठा दुसरीकडे कुठेच निघत नाही.

साइतो-सान आमच्या लीडर. वय चौसष्ट. ट्रम्पेट. चार वर्षांपूर्वी, भूकंप आणि त्सुनामीच्या वर्षी, समुद्राजवळचं त्यांचं घर चिखलानं भरलं होतं. मियोशी त्याच वर्षी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, म्हणून टीममध्ये आला होता, इथे ओळखीचं कोणी नाही, आणि दोन दिवस तो त्यांच्या घरातला चिखल फावड्यानं काढत होता. घर शेवटी पाडावंच लागलं. पण त्या कोणालाही सांगतात, "चिखल मियोशीनं काढला." त्याचं गाणं त्यांनीच केलंय. सगळ्यात छान तेच आहे.

२१ जून

४–३. नवव्या इनिंगला हरलो. हे ११–२ पेक्षा वाईट.

२८ जून, रविवार

मॅच बाहेरगावी. म्हणून आईबरोबर सुहासिनी काकूंकडे जावं लागलं. सेंदाईतले सगळे मराठी, म्हणजे पाच घरं.

"नुपूर, सध्या काय करतेस गं?"

"बाइतो. डब्यांच्या दुकानात, पार्टटाइम."

"आणि शाळेचं?"

आई मधेच — "नुपूर, कोशिंबीर वाढ बघू सगळ्यांना." मी दोनदा वाढली. नको म्हणणाऱ्यांनाही वाढली.

काकूंचा प्रसन्न, वय बारा, जपानीत म्हणतो — "त्या टीमची मॅच बघायला अजून माणसं जातात? बाबा म्हणतात ती मिसमॅनेजमेंटची केस स्टडी आहे." सगळे हसले. मीही हसले. खोटं कुठे होतं त्यात?

१ जुलै, बुधवार

मियोशीला दिला.

मियोशीला!!

क्लबच्या साइटवर चार ओळी. पार दक्षिणेला, शिकोकू बेटावरच्या टीमला दिला. बदल्यात इनुई, वय वीस, शॉर्टस्टॉप. कारण — "टीमच्या भविष्यासाठी." मार्चमध्ये फॅन्सच्या मीटिंगला जीएम स्टेजवर उभा राहून म्हणाला होता, मियोशी इथेच रिटायर होईल. माइकवर म्हणाला होता! मी होते तिथे. टाळ्या वाजवल्या होत्या.

दुकानात दोन डब्यांत अंडं घालायचं विसरले.

३ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये ओएन्दानची मीटिंग. साइतो-सान अगदी शांत. शांत असल्या की भीती वाटते.

कोणी म्हणालं, पत्र लिहू. कोणी म्हणालं, मागच्या वेळी लिहिलं होतं, उत्तर म्हणून कॅलेंडर आलं. कोणी म्हणालं, यायचंच बंद करू. कोणी म्हणालं, "मग रविवारी करायचं काय?"

मग साइतो-सान म्हणाल्या — "बाकी सगळ्यांसाठी वाजवायचं. इनुईसाठी नाही. गाणं नाही, ड्रम नाही, नाव नाही, बोर्ड नाही. जीएम इथे येऊन कारण सांगेपर्यंत."

"मान्य असेल त्यांनी हात वर करा." मी केला. सगळ्यांच्या आधी केला. मीटिंगमध्ये हात वर करायची माझी पहिलीच वेळ. निघताना साइतो-सान म्हणाल्या, "नुपु-चान, तुझ्यावर भरवसा आहे."

सायकलवरून घरी येताना मस्त वाटत होतं. खरंच.

५ जुलै, रविवार

इनुईची इथली पहिली मॅच. तो आला, मी बोर्ड खाली ठेवला, सगळे खाली बसले. ड्रम बंद.

एवढ्या शांततेत बॅटनं बुटावरची माती झाडल्याचा आवाज आम्हाला आउटफिल्डमध्ये ऐकू आला.

स्ट्राइकआउट. पुढचा आला, की लगेच ट्रम्पेट!

जीएम वरच्या खोलीत काचेमागे बसतो. बघितलं असेल. बघच.

हरलो. ६–१.

१२ जुलै

हरलो. इनुई चार वेळा आला. चारही वेळा शांत. आता जमायला लागलंय सगळ्यांना — एकदम बसणं, एकदम उठणं. गाण्यांपेक्षा हेच जास्त चांगलं जमतं आम्हाला.

जीएमचं काही नाही. दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. साइतो-सान त्याच्या समोरून भिंतीकडे बघत गेल्या. मी त्यांच्या मागून.

२५ जुलै

३५ डिग्री. हरलो. आता लिहायचाही कंटाळा येतो.

नवीन मॅनेजर येणार म्हणे. दोन वर्षांतला चौथा.

९ ऑगस्ट, रविवार

आज आई आली. स्वतःहून! "बघू तरी काय आहे एवढं." डब्यात ठेपले. साइतो-सानना दिला एक. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ल्यावर बराच वेळ पाणी प्यायल्या.

आईला मजा येत होती. कोणाचं काय माहीत नाही, पण टाळ्या जोरात. मी बोर्ड वर केला की माझ्याकडे बघायची. मी ओरडताना बघितलं तिनं मला. पाण्याची बाटली पुढे केली.

मग इनुई आला. सगळे बसले. आई उभीच.

"काय झालं? संपली?"

"नाही. बस."

"अगं, याचं गाणं नाही का?"

"नाही."

"का?"

मी सांगितलं. मियोशी, जीएम, माइक, सगळं.

"बरं. पण यानं काय केलं?"

"यानं काही नाही केलं. आई, बस ना. कोणी त्याला काही करत नाहीये."

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ नाही. मग बसली. डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

घरी येताना सबवेमध्ये ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला कळलं होतं. तिला कळलं होतं की मला कळलंय.

१० ऑगस्ट

लिहून टाकते एकदाच.

नववीनंतरच्या हायस्कूलमध्ये, पहिलं वर्ष, ऑक्टोबर. अख्ख्या वर्गानं माझं नाव घेणं बंद केलं. मारलं नाही, पुस्तकं लपवली नाहीत, काही नाही. मी आले की गप्प. मी बसले की बोलणं सुरू. ग्रुप पाडायचे तेव्हा मला सोडून आकडा मोजायचे. फेब्रुवारीपर्यंत गेले. मग नाही गेले.

आई शाळेत भेटायला गेली होती. तिचं जपानी तेव्हा कच्चं, म्हणून मीच शेजारी बसून मराठीत सांगत होते. सर म्हणाले — "तुमच्या मुलीला कोणी काही करत नाहीये." ते मीच आईला मराठीत सांगितलं. याच शब्दांत.

आणि काल पुन्हा सांगितलं.

१५ ऑगस्ट

इनुईचा बोर्ड केला. पांढरा पुठ्ठा, काळा रंग. वाळला. घडी करून बॅगेत ठेवला.

१६ ऑगस्ट, रविवार

बॅगेतून काढला नाही. साइतो-सान शेजारीच होत्या.

तो पाच वेळा आला. पाच!

२३ ऑगस्ट

आज अर्धा काढला होता. परत ठेवला.

"किती?" म्हणाले बाबा. "सात–शून्य." "शून्य आपले?" "बाबा, कधी आपले नसतात?"

३० ऑगस्ट, रविवार

केला वर.

दुसरी इनिंग. तो आला, सगळे बसले, मी नाही बसले. पाठीमागे कुजबुज. साइतो-सानंनी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं. "नुपु-चान, खाली घे."

मी नाही घेतला.

"आपण ठरवलं होतं. तूही हात वर केला होतास."

"हो," म्हटलं. केला होताच. सगळ्यांच्या आधी.

आणि ओरडले — इनुई! इनुई! इनुई! दुसऱ्याला आवाज फाटला. मागून आवाज नसला की आपला किती बारीक असतो. कोणाचं तरी छोटं पोरगं बापाच्या मांडीवरून "इनुई!" म्हणालं, बापानं हळूच त्याच्या तोंडावर हात ठेवला. बस, एवढंच.

तो वळला नाही. पायानं माती सारखी केली. पहिल्या बेसवर आउट.

मॅच संपल्यावर साइतो-सान रागावल्या नाहीत. उलट खूप गोड बोलल्या. "दमली असशील एवढे महिने. थोडी विश्रांती घे. पुढच्या वेळेपासून बोर्ड दुसरं कोणीतरी धरेल."

इथे विश्रांती घे म्हटलं की काय ते मला कळतं. इतकी वर्षं राहतेय.

सगळे नावांचे बोर्ड नीट लावून दिले. इनुईचा माझा होता. तो घरी आणला.

३१ ऑगस्ट

दुकान. भात, अंडं, मासा, झाकण.

आई म्हणाली, "तुझा आवाज बसलाय." आणि हळद घातलेलं दूध दिलं. तीनदा ओरडले फक्त! एरवी तीन तास ओरडते तेव्हा नाही बसत.

साइतो-सानंचा राग येत नाही. त्यांच्यासाठी मियोशी म्हणजे फक्त शॉर्टस्टॉप नाही. राग जीएमचा येतो. एक वाक्य सांगायचं होतं त्यानं! का दिला, एवढंच. सांगितलं असतं तर हे काहीच झालं नसतं. माझी जागा गेली नसती.

६ सप्टेंबर, रविवार

आज साध्या सीटवर बसले, पहिल्या बेसच्या बाजूला, एकटी. आजूबाजूला म्हातारे, ऊन नको म्हणून तिकडे बसणारे. इनुई चार वेळा आला. चार वेळा उभी राहिले, बोर्ड धरला, नाव घेतलं. शेजारच्या आजोबांनी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "नातेवाईक का?" मी नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पलीकडून ओएन्दान शांत. तिकडे बघितलं नाही.

आठव्या इनिंगला त्यानं एक सिंगल मारला. बेसवर उभा राहून ग्लोव्हज काढत बसला, कोणाकडेच न बघता. मीही वर्गात अशीच पेन्सिलीला टोक करत बसायचे.

हरलो. ५–२.

१३ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या पेपरात मियोशीची मुलाखत. त्याची आई गेली, मागच्या महिन्यात. तिचं विसरणं वाढलं होतं, शिकोकूच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. ट्रेड त्यानंच मागितला. जीएमला म्हणाला, आईबद्दल कोणाला कळू देऊ नका. ती होती तोवर जीएम एका अक्षरानं बोलला नाही.

खाली आणखी एक ओळ आहे. "जाण्याआधी इनुई-कुनला फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि मनातच ठेव म्हणालो होतो."

म्हणजे इनुईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.