दुखलं का गं?

२८ ऑक्टोबर २००३, मंगळवार. वणी

निघालो एकदाचे! भाऊबीज उरकली आणि आज उजाडताच मी आणि सोमनाथने पंचवटीतून सायकली काढल्या. आई दारात उभी होती. चिवडा आणि शंकरपाळ्यांचे डबे तिने स्वतः कॅरियरला बांधले आणि मग बांधलेलं नीट नाही म्हणून परत सोडून बांधले.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या छाटण्या चालल्या आहेत. रस्त्याकडेला काड्यांचे ढीग, औषधाचा वास. सोमा एकटाच गाणी म्हणत पुढे. अंबडच्या कारखान्यात दिवसभर लेथपुढे उभं राहणारा माझा धाकटा भाऊ, चढावर मला दमवतो. मी शाळेत पी.टी. शिकवते, हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

बेत असा : सुरगाण्याकडून डोंगर चढायचे, राखीव जंगलातला थोरला माळ ओलांडायचा आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीतलं राष्ट्रीय उद्यान फिरून परत यायचं. बाबा श्रावणात गेले. तेव्हापासून सोमा नीट झोपलेला नाही. तोच म्हणाला, ताई, पाय एवढे दमवू की डोकं गप्प बसेल.

मांड्या ठणकताहेत. छान वाटतंय.

२९ ऑक्टोबर, बुधवार. कातळपाडा

सुरगाण्याच्या पुढे डांबर संपलं. भात कापून झालंय, नागली उभी आहे, उतारावर खुरासणीची पिवळी फुलं. कितीतरी वेळा उतरून सायकली ढकलल्या. खांदे, पाठ, तळहात, सगळं बोलतंय.

घाटाच्या पायथ्याशी हा पाडा, राखीव जंगलापूर्वीची शेवटची वस्ती. पहिल्याच घराच्या ओट्यावर फुलाबाई भेटल्या. पन्नाशीच्या असतील. पाणी दिलं, माझा हात हातात घेतला आणि करवंदीचा काटा सरळ बोटात टोचला! मी ओरडले. त्या खूश झाल्या.

"दुखलं का गं?"

दुखलं म्हटलं. मग सोमालाही टोचला. त्याने शिवी हासडली, तशा म्हणाल्या, "मंग या घरात."

जेवताना कारण कळलं. माळावर गेलं की माणसाचं दुखणं जातं म्हणे. आधी पाय, मग पोट, मग आतलं सगळं. असं बिनदुखीचं माणूस खाली आलं तर त्याला पाड्यात घेत नाहीत, कारण ते घरातल्यांना लागतं. त्यांचा नवरा भिका दोन पावसाळ्यांपूर्वी गवताला वर गेला तो आलाच नाही. निळा सदरा होता अंगात. "मेला नाय तो," त्या म्हणाल्या. "चालतोय. पाय दुखायचे थांबले का मागं फिरा. बसू पन नका तिथं."

सोमा तोंड फिरवून हसत होता. मला हसू आलं नाही, पण नागलीची भाकरी आणि ठेचा असा होता की बाकी विचारही फार टिकला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार. थोरला माळ

घाट भयंकर. शेवटच्या वळणावर मला पायात गोळा आला, खाली बसून रडायची वेळ. आणि मग चढ संपला आणि माळ समोर आला. गवत सोनेरी, वारा नाही, आवाज नाही. लांबपर्यंत एकही झाड नाही.

मैलभर गेल्यावर सोमा ओरडला, "ताई, माझे पाय दुखतच नाहीत!"

माझेही नव्हते. गोळा, खांदे, तळहात, सगळं कुणीतरी पुसून घेतल्यासारखं गेलं होतं. फुलाबाईंचं बोलणं आठवलं. पण इतकं हलकं वाटत असताना मागे कसं फिरायचं? सोमाच्या चेहऱ्याकडे बघितलं. श्रावणानंतर पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी नव्हती. मी म्हटलं, चल पुढे.

दिवसभर सायकली हाणल्या. भूक लागली नाही. डोक्यावर भारे घेतलेली काही माणसं माळाच्या कडेने ओळीने चालली होती. आम्ही हाक मारली. कुणी मान वळवली नाही. कामावर निघाली असतील, सोमा म्हणाला. पण भारे वाळून काळे पडलेले होते.

माळ आजच ओलांडायला हवा होता. संपला नाही. तंबू ठोकला आहे. अजून उजेड आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी स्टोव्हवर चहा ठेवला. कसला तरी वास आला. बघितलं तर सोमाचा तळहात पेटत्या बर्नरवर टेकलेला आणि तो माझ्याशी बोलत होता. मी हात उचलला. कातडी बर्नरला राहिली. "अरे," सोमा म्हणाला. बस, एवढंच.

मी पट्टी बांधली. माझे हात थरथरायला हवे होते. थरथरले नाहीत.

चिवडा खाल्ला. कागद चावल्यासारखा. मग मुद्दाम बाबांची आठवण काढली. आयसीयूतली नळी, त्यांचा सुजलेला हात, शेवटी त्यांनी सोमाचं नाव घेतलं ते. सगळं आठवलं. काही झालं नाही.

तेव्हा मी सोमाला म्हटलं, परत जायचं. भीती वाटली म्हणून नाही. भीती वाटत नव्हती, म्हणून.

तो शांतपणे म्हणाला, "कशाला? इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं, ताई."

दुपारी ती ओळ जवळून गेली. त्यात निळा सदरा होता. मी सायकल आडवी घालून विचारलं, भिकादादा का? फुलाबाई वाट बघतात. तो मला वळसा घालून गेला. गवत तिथे विरळ होतं म्हणून पाय दिसले. घोट्याखाली फारसं काही उरलं नव्हतं. झिजून गेलं होतं. तो त्या खुंटांवर चालत होता, बाकीच्यांसारखाच, एका लयीत.

सोमा म्हणाला, दमत नाहीत बघ.

उद्या उजाडलं की त्याला घेऊन खाली.

१ नोव्हेंबर, शनिवार

सोमा तंबूत नव्हता. सायकल होती. बूट होते.

ओळीत सापडला. सगळ्यांच्या मागे, अनवाणी. दंड धरून बाहेर ओढला. विरोध केला नाही. आला. सोडला की परत ओळीकडे वळायचा.

मी म्हटलं, आई वाट बघतेय.

"कुणाची?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता.

जादा ट्यूब काढली. एक टोक त्याच्या मनगटाला, एक माझ्या कॅरियरला. गाठी घट्ट मारल्या. मी सायकलवर, तो मागे चालत. माळ संपला, घाट लागला. ट्यूब ताणलेली होती तोवर मागे बघितलं नाही. वळणावर जोराचा हिसका बसला. पडता पडता राहिले. मग सायकल सुटल्यासारखी हलकी —

खाली येऊन थांबले. गाठ पक्की होती. गाठीत सोमाचा हात होता, पट्टीसकट, मनगटाच्या थोडा वरपर्यंत.

बाकीचा सोमा वर परत गेला होता. वरच्या वळणावर त्याची पाठ दिसली. चालत होता.

मी हात टॉवेलात गुंडाळला. पिशवीत ठेवला, चिवड्याच्या डब्याशेजारी. झाकण नीट लागतंय का तेही बघितलं.

संध्याकाळी, पाडा

फुलाबाई ओट्यावर काटा घेऊनच बसल्या होत्या. मी लांबूनच बघितला. त्यांनी माझं बोट धरलं.

"दुखलं का गं?"

"आई गं!" मी ओरडले. बोट झटकलं. डोळे मिटून घेतले.

काही कळलं नव्हतं. काटा आत गेलेला फक्त दिसला. पण नाही म्हटलं असतं तर घरात घेतलं नसतं, सकाळी पाड्यावरून सुटणाऱ्या जीपमध्ये बसू दिलं नसतं. घरी जायला हवं, एवढं माहीत होतं. का जायला हवं ते आठवत नव्हतं.

त्यांनी मला पोटाशी धरलं. खूप रडल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. भाऊ वरच राहिला, सांगितलं. भिका दिसला का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

रात्री त्यांच्याच गोधडीत —

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी फुलाबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटताना बोटं तव्यालाच टेकून राहिली. बराच वेळ. धूर आला. माझ्याकडे बघून हसल्या. मोकळं, छान हसल्या.

मी बघत होते.

मग भाकरी तशीच टाकून उठल्या. घाटाच्या वाटेला लागल्या. अनवाणी. शेजारणीने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारायला शेजारीण धावत गेली, हात धरला त्यांचा —

पाड्यावरून बाजाराला जाणारी जीप, कारभारी नावाचा ड्रायव्हर. सायकल टपावर बांधली. पुढच्या सीटवर मी. मागे बायका, माणसं, कोंबड्या. सगळे खेटून बसलेत. दिवाळी करून बाजाराला निघालेत.

बोरगाव गेलं. खड्डे आहेत. जीप उडते. कुणी कण्हत नाही.

कारभारी म्हणाला, "मॅडम, गंमत बघा. वर्षानुवर्षं पाठ धरलेली माझी. आज सुरगाण्यापासून दुखतच नाय."

छान झालं म्हटलं.

मागे एक बाळ रडत होतं. थांबलं.

वणी गेलं. कारभारी ब्रेक मारत नाही फारसा. हसतोय. पिशवी मांडीवर आहे. ओली लागायला हवी. लागत नाही.

दिंडोरी. छाटण्या. आता नाशिक. आई दारात असेल. गुडघे धरून उठते ती. आज धरायला लागणार नाहीत. मी तिला जवळ घेईन, घट्ट. मग गोदेच्या घाटावर जाईन, गंगेवर. रविवारची गर्दी असते. आंघोळीला, बाजाराला. सगळ्यांचं काही ना काही दुखत असतं. मी फक्त गर्दीतून चालत जायचं. हात लावत, एकेकाला —

समोर ट्रक आहे. कारभारी बघतोय त्याच्याकडे. वळवत ना